दोन वाक्यांच्या मधली जागा

एकदा एका बंदराच्या गावात एका शिष्येने आपल्या वृद्ध गुरुजींपुढे इंग्रजी पत्राचा मसुदा ठेवला, आणि तो वाचून होताच गुरुजींनी कात्री हाती घेतली.

शिष्या काही शाळकरी पोर नव्हती. गावातल्या एका नामांकित आंबापोळीच्या व्यापाऱ्याची ती थोरली सून. गुरुजींनी आयुष्यभर बंदर-कचेरीत इंग्रजी पत्रे लिहिली होती, आणि निवृत्तीनंतर ज्यांना शिकायचे असेल त्यांना ते पत्रलेखन शिकवीत. थोरली लग्नाआधी त्यांच्याकडे दोन वर्षे शिकली. पुढे सासरचा माल विलायतेतल्या एका दुकानदाराकडे जाऊ लागला, तेव्हा घरात इंग्रजी लिहिणारी ती एकटीच होती. नऊ वर्षे तिने ती पत्रे लिहिली आणि महत्त्वाचे पत्र धाडण्याआधी गुरुजींना दाखवण्याचा शिरस्ता कधी मोडला नाही.

सासऱ्यांना, म्हणजे तिच्या मामंजींना, इंग्रजी बेताचेच कळे, पण त्यांचा कान पक्का होता. पत्र वाचून दाखवताना त्यात ‘हाउएव्हर’ आणि ‘मोरओव्हर’ पेरलेले असले की ते मान डोलावत. नसले तर म्हणत, “पत्र जरा उघडंबोडकं वाटतंय गं.” त्यामुळे थोरलीच्या पत्रांत असे शब्द वर्षागणिक वाढत गेले. लग्नसराईत बायकांच्या अंगावर दागिने वाढतात, तसेच.

मग गेल्या वर्षी घरात धाकटी सून आली.

धाकटी फारशी बोलत नसे. तिला इंग्रजी चांगले येत होते, हे घरात कळायलाही तीन महिने लागले. एकदा थोरली माहेरी गेलेली असताना दुकानदाराचे पत्र आले आणि धाकटीने त्याला सहा ओळींचे उत्तर लिहिले. त्यात ना ‘हाउएव्हर’ होते, ना ‘देअरफोर’. दुकानदाराचे उत्तर आठवड्यात आले. नऊ वर्षांत त्याने थोरलीला कधी मालाशिवाय दुसरे काही लिहिले नव्हते. या खेपेस त्याने विचारले होते, तुमच्याकडे आंब्याला मोहोर आला का?

थोरलीने ते वाक्य तीनदा वाचले. मोहोराची चौकशी! नऊ वर्षांत एकदाही त्याला मोहोर आठवला नव्हता.

तेव्हापासून तिला दिसू लागले. पूर्वी दिसत नव्हते असे नाही, पण आता दिसू लागले. सासूबाई चहा गाळताना आधी कोणाचा पेला उचलतात. दीर बाहेरून आल्यावर पहिली हाक कोणाला मारतात. पूर्वी मामंजी म्हणत, “थोरलीला विचारा.” आता म्हणू लागले, “थोरलीला विचारा, आणि धाकटीच्या डोळ्यांखालून घाला.” मागचे अर्धे वाक्य ते अगदी सहज बोलत, म्हणून तर ते अधिक लागे. पुढे मोसमात वखारीतल्या खोक्यांच्या बांधणीवर देखरेख करायला मामंजींनी धाकटीलाच पाठवले. थोरलीने तोंडभरून सांगितले, “बरं झालं बाई, माझा भार हलका झाला.” आणि त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातले.

म्हणून विलायतेहून तक्रार आली तेव्हा घरात सगळे हबकले, आणि थोरलीही हबकली. पण तिच्या मनात खोल कुठेतरी एक दिवाही लागला. दोनशे खोक्यांपैकी चाळीस खोक्यांतल्या आंबापोळीला बुरशी आली होती. मामंजी म्हणाले, “काय झालं ते स्वच्छ लिही. लपवाछपवी नको. पत्र मला सगळ्यांसमोर वाचून दाखव, मग पुढच्या मोसमात वखार कोणी बघायची ते ठरवू.” धाकटी दाराशी उभी होती. तिच्या पदराला पीळ पडला होता.

थोरलीने एका बैठकीत पत्र लिहिले. मराठीत सांगायचे तर ते असे होते:

‘गेली नऊ वर्षे आमच्या मालाबद्दल आपली एकही तक्रार नव्हती. हाउएव्हर, या मोसमात बांधणीचे काम आमच्या घरातील एका नव्या व्यक्तीकडे देण्यात आले. कॉन्सिक्वेंटली, चाळीस खोक्यांतील मालाला बुरशी आली. मोरओव्हर, सदर व्यक्ती या कामात अननुभवी आहे. देअरफोर, पुढील मोसमापासून योग्य ती व्यवस्था करण्यात येईल.’

हेच पत्र आता गुरुजींपुढे होते. गुरुजींनी पहिली खूण ‘हाउएव्हर’पाशी केली आणि तो शब्द कापून काढला. मग ‘कॉन्सिक्वेंटली’. मग ‘मोरओव्हर’ आणि ‘देअरफोर’. चारही कपटे त्यांनी एका रिकाम्या काडेपेटीत टाकले, पेटी बंद केली आणि चार भोकांचे पत्र थोरलीच्या हाती दिले.

“गुरुजी, अहो, हे काय?” थोरली म्हणाली. “यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का?”

“एकही नाही.”

“मग इंग्रजी चुकलं?”

“छे! स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत.” गुरुजींनी चष्मा काढला. “ही नवी व्यक्ती म्हणजे तुझी जाऊ ना?”

“हो. पण मी तिचं नाव कुठे लिहिलंय?”

“नाही लिहिलंस. फार सभ्य पत्र आहे.” गुरुजींनी पत्रातल्या दुसऱ्या भोकावर बोट ठेवले. “इथे काय होतं?”

“कॉन्सिक्वेंटली. त्याचा परिणाम म्हणून.”

“तू तिथे होतीस?”

“कुठे?”

“या दोन वाक्यांच्या मध्ये. अलीकडे तुझी जाऊ वखारीत गेली, पलीकडे बुरशी आली. मधल्या जागेत काय घडलं, ते तू जाऊन पाहिलंस?”

थोरली जरा घुश्शातच म्हणाली, “बांधणी तिनेच केली. आणखी काय पाहायचं?”

“किती खोकी बांधली?”

“दोनशे.”

“आणि बुरशी?”

“चाळिसांना.”

“मग उरलेली एकशेसाठ तिच्यावर का रुसली नाहीत?” गुरुजी हसले नाहीत. “जा मुली. प्रत्येक भोकापाशी जाऊन ये. जे पाहशील त्याच मापाचा शब्द तिथे घाल. आणि काही दिसलं नाही, तर भोक चिकटवून टाक. त्याने पत्र मरत नाही.”

थोरली परतली ती चरफडतच. आपण शिकायला जात होतो तेव्हा हेच गुरुजी म्हणत होते, वाक्याला वाक्य जोडायला शिका. आणि आता म्हातारपणी कात्री! तिला क्षणभर असेही वाटले की धाकटीने गुरुजींनाही जिंकून घेतले असावे. वास्तविक धाकटीने गुरुजींचे घरही पाहिले नव्हते. पण मत्सराला एवढ्यातेवढ्या अडचणी थांबवत नाहीत.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती वखारीत गेलीच. दुकानदाराचे पत्र तिने बरोबर घेतले होते. त्यात खराब खोक्यांचे क्रमांक दिले होते, पण आजवर तिने ते नीट वाचलेही नव्हते. तिला आकडा पुरला होता. आता वाचले तर ते ओळीने होते, एक ते चाळीस.

वखारीत पाच-सहा बायका आमसुले निवडत बसल्या होत्या. त्यांत द्वारका सर्वांत जुनी. थोरलीने तिला विचारले, “द्वारके, यंदाची एक ते चाळीस नंबरची खोकी कुठे रचली होती गं?”

“एक ते चाळीस? ती दाराजवळची की. नंबर आम्ही दारापासनंच घालतो.”

“तिथे ओल आहे का?”

“दाराशी? तिथं दिवसभर ऊन असतं वहिनी. हवं तर पापड वाळवा.”

“पोळी कच्ची राहिली असेल.”

“नाय हो. धाकट्या वहिनी एकेक पोळी हातात वाकवून बघायच्या. चिकटली की परत उन्हात. आम्हाला तर वैताग आणला होता.” बाकीच्या बायका हसल्या. द्वारकाही हसली आणि हसण्याच्या भरात बोलून गेली, “यंदा ओल कसली असेल तर ती तुमच्या हातची!”

हसणे एकदम थांबले. द्वारकेने जीभ चावली आणि मान खाली घालून आमसुले चाळू लागली.

“म्हणजे?” थोरलीने विचारले. विचारता विचारताच तिला आठवले.

त्या घराची एक रीत होती. मोसमाचा पहिला माल निघाला की घरच्या थोरल्या सुनेने वखारीत जाऊन नारळ वाढवायचा, आंब्याच्या डहाळीने त्याचे पाणी एका खोक्यावर शिंपडायचे आणि ओल्या कुंकवाचे एक बोट लावायचे. एक खोके, एक बोट. ते खोके मग मालाबरोबर जात नसे, घरीच फोडून प्रसाद म्हणून वाटत. नऊ वर्षे तिने हेच केले होते.

पण यंदा त्या सकाळी मामंजींनी सगळ्या बायकांसमोर बांधणीवरून हात फिरवला होता आणि म्हटले होते, “वा! याला म्हणतात काम. खोकं नाही, फूल आहे फूल.” असे म्हणताना ते धाकटीकडे पाहत होते. धाकटी हातात वही घेऊन उभी होती. थोरलीच्या हातात तांब्या होता. तेव्हा थोरलीने एका खोक्यावर पाणी शिंपडले, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. नारळाचे पाणी संपले तेव्हा तिने तांब्यात साधे पाणी घेतले. दाराजवळची सबंध रांग तिने पुजली. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक खोक्यावर कुंकवाचे ओले बोट. पुठ्ठ्यावर पाण्याचे डाग पसरत होते आणि तिला फार बरे वाटत होते. या घरात धाकटीला करता न येण्याजोगी एक गोष्ट उरली होती आणि ती थोरली चाळीस वेळा करीत होती. दुपारी गाडी आली. माणसांनी पुजलेल्या चाळिसांसकट सगळी खोकी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आवळली आणि सगळा माल समुद्रावर दीड महिना बंद राहिला.

थोरली वखारीच्या दारात उन्हात उभी राहिली. द्वारका हळूच म्हणाली, “मी काय बोलले नाय वहिनी. आणि बोलणारही नाय.”

द्वारका खरोखरच बोलली नसती. थोरलीला हे ठाऊक होते, आणि हेच अवघड होते.

ती सरळ गुरुजींकडे गेली आणि म्हणाली, “पाहून आले.”

“सापडलं?”

“सापडलं.” तिने सगळे सांगितले. कुंकवापाशी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला, पण तिने गाळले काही नाही. “आता मी माझ्याविरुद्ध ‘कॉन्सिक्वेंटली’ लिहू का गुरुजी?”

गुरुजींनी काडेपेटी तिच्यापुढे सरकवली.

“मुली,” ते म्हणाले, “मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात या शब्दांची यादी दिली, ती माझी चूक झाली. तुम्हाला वाटलं, हे अंगावर घालायचे आहेत. ‘हाउएव्हर’ ऐकलं की वाचणारा वळायला तयार होतो. ‘मोरओव्हर’ ऐकलं की आणखी ओझं घ्यायला पाठ वाकवतो. आणि ‘कॉन्सिक्वेंटली’ ऐकलं की तो डोळे मिटून तुझ्यामागून येतो, कारण तू त्याला सांगितलंस, मी पाहून आले आहे, हे त्याच्यामुळेच झालं. वाक्यं घडलेल्या गोष्टींची असतात. मधला शब्द तेवढा आपला. म्हणून मत्सराला खोटं बोलावंच लागत नाही. तो दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो आणि मधल्या जागेत स्वतः जाऊन बसतो. त्या दिवशी पत्र वाचताना मला त्यात तुझी जाऊ कुठे दिसलीच नाही. चारही ठिकाणी तूच दिसलीस.”

थोरलीने काडेपेटी न उघडता परत सरकवली.

“यातला एकही लागणार नाही,” ती म्हणाली.

“बघ हं. मामंजी रागावतील, पत्र उघडंबोडकं झालं म्हणून.”

त्या संध्याकाळी माजघरात सगळे जमले. थोरलीने नवे पत्र आधी इंग्रजीत वाचले आणि मग मराठीत सांगितले. ‘आमच्याकडे माल निघताना एका खोक्यावर पाणी शिंपडून पूजा करण्याची रीत आहे. या वर्षी मी चाळीस खोक्यांवर पाणी शिंपडले आणि ती ओली असतानाच गुंडाळली गेली. म्हणून त्यांना बुरशी आली. बांधणीत दोष नव्हता. चाळीस नवी खोकी आम्ही पाठवीत आहोत.’

नको ते बोलायचे टाळण्यासाठी माणूस बोलतो तसे मामंजी बोलले, “यात हाउएव्हर एकही नाही?”

“कुठे वळायचंच नव्हतं, मामंजी.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दीर छताकडे पाहू लागले. आणि आजवर या माजघरात आपण होऊन कधी न बोललेली धाकटी म्हणाली, “मी पाहिलं होतं.”

“काय पाहिलं होतंस?” मामंजींनी विचारले.

“ताई पाणी शिंपडत होत्या ते. पुठ्ठा भिजतोय हे मला कळत होतं. मी बोलले नाही.”

मामंजी ताडकन सरळ झाले. थोरल्या सुनेला काय बोलावे हा त्यांचा पेच क्षणात सुटला होता. “म्हणजे देखरेखीला तू होतीस, तुझ्या डोळ्यांदेखत खोकी भिजली, आणि तू गप्प? मग दोष हिचा एकटीचा कसा? थोरले, लिही तेही. देखरेख करणारी व्यक्ती हे पाहत होती, असं लिही. आणि एखादा घसघशीत शब्द घाल मध्ये.”

थोरलीच्या हातात पेन होते. मामंजींनी आपल्या तोंडाने सांगितले होते. गोष्ट खरी होती, स्वतः धाकटीने कबूल केलेली. एक वाक्य लिहिले की वखार पुन्हा कोणाचीही झाली असती, पण धाकटीची राहिली नसती. ‘नेव्हरदलेस’, म्हणजे ‘असे असूनही’, हा शब्द तिच्या बोटांपर्यंत आला. फार सुंदर बसला असता तिथे.

तिने पेनाचे टोपण लावले.

“मामंजी, हिने पाहिलं ते खरं. गप्प राहिली तेही खरं. पण का गप्प राहिली, ते मला अजून ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी लिहिणार नाही.”

“मग विचार की! समोर उभी आहे.”

“इथे नाही विचारणार,” थोरली म्हणाली आणि उठली.

मागच्या पडवीत धाकटी तिच्या पाठोपाठ आली. एका घरात वर्षभर राहून दोघी एकट्याच अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“आता सांग,” थोरली म्हणाली. “मला भ्यायलीस?”

“नाही.”

“मग?”

“तुम्ही कुंकू लावत होता. पहिलं खोकं झालं, दुसरं झालं. मला वाटलं, आता हाक माराल. म्हणाल, ये गं, एक बोट तूही लाव. पोळ्या मीच वाळवल्या होत्या ना. दहा खोकी झाली, वीस झाली. तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग मी मनात म्हटलं, भिजू देत.” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्वच्छ होता. “वर्षभर बघतेय ताई. गावातल्या बायका येतात त्या ‘थोरली आहे का’ विचारत येतात. सण आला, तुम्हाला पुढे करतात. पत्राचं काय, पत्र कोणीही लिहील. मला वाटायचं, तुमच्यासारखं एकदा तरी कोणी...”

तिने वाक्य पुरे केले नाही. थोरलीने ते तिच्यासाठी पुरेही केले नाही. नऊ वर्षे पत्रे लिहून तिला जे जमले नव्हते, ते त्या घटकेला जमले. समोरच्या अर्ध्या वाक्यापुढे ती आपला एकही शब्द न जोडता उभी राहिली.

मग ती म्हणाली, “मी मोहोरावर जळत होते आणि तू कुंकवावर. धन्य आपली.”

धाकटीला मोहोराचे काही कळले नाही, पण ती हसली. डोळे पुसत म्हणाली, “माझंही लिहा पत्रात. मामंजी म्हणताहेत ते बरोबर आहे.”

“कशाला? त्या दुकानदाराला बुरशी का आली एवढंच हवंय. पाणी पडलं, म्हणून आली. ते त्याला कळलं. आपल्या दोघींच्या मधलं त्याला कशाला सांगायचं? ते आपलं आपण बघू.”

दुसऱ्या दिवशी पत्र टपालात पडले ते तेवढ्याच पाच ओळींचे. मामंजींनी दोन दिवस कुरकूर केली. पुढच्या मोसमात वखार धाकटीकडेच राहिली, कारण थोरलीनेच तसे सांगितले. माल निघाला त्या सकाळी खोके एकच पुजले गेले. कुंकवाची बोटे मात्र त्यावर दोन होती.

आपणही दिवसभरात दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवत असतो. मध्ये शब्द घालण्याआधी तिथवर एकदा जाऊन यावे.